एलसीडीवर नुसते चौकोन दिसतात, तेव्हा कुठे बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १६ बाय २ चा एलसीडी, मागे चार तारांचा आय-टू-सी बोर्ड (आय-टू-सी म्हणजे दोनच तारांवरून चिपांना आपसात बोलू देणारी बस; उरलेल्या दोन तारा सप्लाय आणि ग्राउंडच्या). आर्डुइनो उनोवर तो चालत होता. पाण्याच्या टाकीचा पंप कंट्रोलर वायफायवर न्यायचा म्हणून तोच एलसीडी तुम्ही ईएसपी३२ ला जोडला. आता बॅकलाइट लागतो, पण वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन आणि खालची ओळ कोरी. बसवर कोणत्या पत्त्यावर चिप आहे ते शोधणारा स्कॅनर प्रोग्राम कधी हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) २७ हा पत्ता दाखवतो, कधी काहीच सापडत नाही म्हणतो. उनोवर असतानाही पंप सुरू झाला की कधीमधी अक्षरांचा कचरा व्हायचा, आणि रीसेट दाबलं की अक्षरं नीट व्हायची. तीन लायब्ररी बदलून झाल्या. आणि शेवटी, ‘टाकी भरली’ हे मराठीत दाखवता येईल का, असं विचारलंय.

आधी लायब्ररी बदलणं थांबवा. कंपाइल करताना ‘ही लायब्ररी एव्हीआरसाठी (म्हणजे उनोवरच्या चिपच्या जातीसाठी) आहे’ असा जो इशारा येतो त्यानेही घाबरू नका. तो इशारा आहे, चूक नव्हे. काय बिघडलंय ते एलसीडी स्वतःच सांगतोय.

या एलसीडीच्या पोटात हिताचीची एचडी४४७८० किंवा तिच्या बरहुकूम वागणारी दुसऱ्या कंपनीची चिप असते. वीज मिळाली की ती आपोआप आठ बिटांच्या आणि एकाच ओळीच्या अवस्थेत उठते. म्हणून वरच्या ओळीतले सगळे ठिपके काळे होतात आणि खालची ओळ कोरी राहते. म्हणजे चौकोन दिसतायत याचा अर्थ एलसीडीला वीज पोचली, कॉन्ट्रास्ट बरोबर आहे, काच शाबूत आहे. फक्त ‘तू दोन ओळींचा आहेस, डेटाच्या चार तारांवर बोल’ हा सुरुवातीचा निरोप त्याला मिळालेला नाही. बॅकलाइट आहे पण चौकोनही नाहीत, अशी अवस्था असती तर मी आधी बोर्डावरचा कॉन्ट्रास्टचा निळा प्रीसेट स्क्रूड्रायव्हरने फिरवायला सांगितला असता. नवीन बोर्डावर तो बरेचदा एका टोकाला असतो आणि माणूस दिवसभर कोड तपासत बसतो.

आता निरोप कुठे अडतो ते बघू. वाटेत दोन टप्पे आहेत. मायक्रोकंट्रोलरपासून एसडीए (डेटा) आणि एससीएल (क्लॉक) या आय-टू-सीच्या दोन तारा मागच्या बोर्डावरच्या पीसीएफ८५७४ चिपपर्यंत जातात. ती चिप आलेल्या प्रत्येक बाइटचे आठ बिट आपल्या आठ पायांवर उभे करते, आणि ते पाय एलसीडीला जोडलेले असतात. आय-टू-सीची पोच देते ती पीसीएफ८५७४. एलसीडीला या बसबद्दल काहीच माहीत नसतं. तेव्हा स्कॅनरने पत्ता दाखवला म्हणजे पहिला टप्पा जिवंत आहे, एवढंच सिद्ध होतं. दुसऱ्या टप्प्यातली सोल्डरिंग सुटलेली असली तरी पोच येतच राहील आणि तुमच्या कोडला सगळं आलबेल वाटेल. नेहमीच्या लायब्ररी एलसीडीकडून काही वाचतही नाहीत, फक्त लिहितात. म्हणून दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासायचे.

तुमच्याकडे पहिला टप्पाच डळमळीत आहे, कारण पत्ता कधी सापडतो, कधी नाही. ब्रेडबोर्डातली सैल तार हे कारण असू शकतं, ते आधी तपासा. दोन्ही बाजूंचं ग्राउंड एकच आहे ना, एसडीए २१ वर आणि एससीएल २२ वर आहे ना, हेही बघा. उनोवर हेच पाय ए४ आणि ए५ होते. पण उनो सोडून ईएसपी३२ घेतल्यावरच त्रास सुरू झाला, तेव्हा माझा पहिला संशय व्होल्टेजवर आहे.

उनो ५ व्होल्टवर चालतो, ईएसपी३२ ३.३ व्होल्टवर. एलसीडीच्या मागच्या बोर्डावर एसडीए आणि एससीएलला वर खेचणारे दोन रेझिस्टर असतात, बहुतेकदा ४.७ किलोओहमचे, आणि ते बोर्डाच्याच सप्लायला जोडलेले असतात. बोर्डाला ५ व्होल्ट दिले की ईएसपी३२ चे पाय ५ व्होल्टकडे ओढले जातात. हे पाय ५ व्होल्ट सहन करण्यासाठी बनवलेले नाहीत. रेझिस्टरमधून वाहणारा करंट थोडा असल्यामुळे चिप लगेच जळत नाही, आणि म्हणूनच ‘माझ्याकडे तर चालतं’ असं सांगणारे भेटतात. दुसऱ्या बाजूने, ते रेझिस्टर काढून ३.३ व्होल्टला जोडले तर ईएसपी३२ सुरक्षित राहतो, पण ५ व्होल्टवरची पीसीएफ८५७४ ‘एक’ मानते तो सप्लायच्या ७० टक्क्यांपुढे, म्हणजे ३.५ व्होल्टपासून. ३.३ त्याच्या खालीच राहतात. बरेच नग तरीही चालतात, काही चालत नाहीत, काही संध्याकाळी चालतात आणि दुपारच्या उन्हात बंद पडतात. पंपासारख्या गोष्टीसाठी असा भरवसा ठेवू नये.

मग सगळंच ३.३ व्होल्टवर चालवू, हा विचार मनात येईल. पीसीएफ८५७४ ला ते चालतं, ती २.५ ते ६ व्होल्टवर काम करते. एलसीडीच्या आतली चिपही चालते. पण काचेला ठिपके काळे करायला सप्लाय आणि कॉन्ट्रास्टच्या पायात साधारण साडेचार व्होल्टचा फरक लागतो, आणि तो ३.३ मधून निघत नाही. कंट्रोलर सगळं बरोबर लिहीत असतो आणि काचेवर काहीच दिसत नाही. याला अपवाद ३.३ व्होल्टसाठीच बनवलेल्या एलसीडींचा, पण तुमचा उनोच्या ५ व्होल्टवर चालत होता, तो त्यातला नसणार.

बरोबर उपाय म्हणजे मध्ये लेव्हल शिफ्टर, म्हणजे ३.३ आणि ५ व्होल्टच्या बाजूंची गाठ घालून देणारा बोर्ड. बीएसएस१३८ मॉस्फेट असलेला दोन किंवा चार वाहिन्यांचा छोटा बोर्ड पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. कमी व्होल्टच्या बाजूला ईएसपी३२ चे ३.३, जास्त व्होल्टच्या बाजूला ५, ग्राउंड दोन्हीकडे, आणि एसडीए, एससीएल मधून. विकत घेताना एक बघा: दिशा आपोआप ओळखणारी टीएक्सबी मालिकेतली चिप असेल तर घेऊ नका. आय-टू-सीमध्ये तार खाली ओढली जाते आणि सोडली की रेझिस्टर तिला वर नेतो. त्या चिपा या पद्धतीसाठी बनवलेल्याच नाहीत.

शिफ्टर लावल्यावरही एलसीडीची लायब्ररी लगेच चढवू नका. आधी एक दहा ओळींचा प्रोग्राम लिहा. वायर लायब्ररी वापरून हेक्स २७ या पत्त्यावर फक्त एक बाइट पाठवायचा: हेक्स ०८. एक सेकंद थांबा. मग ०० पाठवा, पुन्हा एक सेकंद थांबा, आणि हे चालू ठेवा. सर्वसाधारण बोर्डावर पीसीएफ८५७४ चा पी३ हा पाय बॅकलाइटच्या ट्रान्झिस्टरला जातो, त्यामुळे बॅकलाइट उघडझाप करायला हवा. झाला, तर पहिला टप्पा पूर्णपणे बरोबर आहे आणि पुन्हा त्याकडे बघायची गरज नाही. पोच येते पण उघडझाप होत नाही, तर बोर्डाच्या कडेला दोन पायांवरची छोटी टोपी जागेवर आहे का ते बघा. ती काढली की बॅकलाइट तुटतो.

पत्त्याबद्दल एवढंच. पीसीएफ८५७४ असेल तर पत्ता हेक्स २० ते २७ मध्ये येतो, पीसीएफ८५७४ए असेल तर हेक्स ३८ ते ३एफ मध्ये. ए०, ए१, ए२ या जागा कोऱ्या सोडल्या की त्यातला सगळ्यात वरचा, म्हणजे २७ किंवा ३एफ मिळतो. जागा सोल्डरने जोडली की तो बिट शून्य होतो. पुढे कधी एसटीएम३२ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरवर गेलात तर लक्षात ठेवा, तिथल्या एचएएल लायब्ररीला पत्ता एक बिट डावीकडे सरकवून लागतो, म्हणजे २७ ऐवजी ४ई. यात खूप लोकांची रात्र जाते.

आता दुसरा टप्पा. यासाठी मल्टिमीटर घ्या, काळी प्रोब ग्राउंडला. एलसीडीचे सोळा पाय एका टोकापासून मोजायचे: १ ग्राउंड, २ सप्लाय, ३ कॉन्ट्रास्ट, ४ आरएस, ५ रीड-राइट, ६ एनेबल, ७ ते १४ डेटाचे आठ पाय, १५ आणि १६ बॅकलाइट. त्याच छोट्या प्रोग्रामातून हेक्स ०१ पाठवून थांबा आणि पाय ४ मोजा, तिथे जवळपास ५ व्होल्ट हवेत. ०२ ला पाय ५, ०४ ला पाय ६. मग हेक्स १०, २०, ४०, ८० पाठवत अनुक्रमे पाय ११, १२, १३, १४. प्रत्येक वेळी एकच पाय वर आणि बाकीचे शून्याजवळ. प्रोब बोर्डाच्या बाजूला न टेकवता एलसीडीच्या हिरव्या पीसीबीवरच्या पॅडवर टेकवा, म्हणजे मधला सोल्डरचा जोडही तपासला जातो. दोन पाय एकदम वर आले तर सोल्डरचा पूल झालाय. पाय वर येतच नाही, तर जोड कोरडा आहे. आणि वेगळाच पाय वर आला तर तुमच्या बोर्डाची जुळणी वेगळी आहे. काही बोर्डांवर डेटाचे पाय पी० ते पी३ वर आणि आरएस, एनेबल वगैरे पी४ पासून पुढे असतात. अशा बोर्डाला नेहमीची लायब्ररी कितीही वेळा चढवली तरी चौकोन हटणार नाहीत. जुळणी लिहून देता येते अशी लायब्ररी लागते. तुमचा बोर्ड उनोवर चालला होता, म्हणजे जुळणी नेहमीचीच असणार. पण काढघालीत जोड हलू शकतो, म्हणून मोजून घ्याच.

इथपर्यंत सगळं जुळलं की लायब्ररी चढवा. बहुतेक वेळा मजकूर तेवढ्यात दिसतो. तरीही सुरुवातीच्या निरोपाचा क्रम समजून घ्या, कारण पंपाच्या त्रासाचं मूळ त्यात आहे.

एलसीडीशी आपण चार तारांवर बोलतो, त्यामुळे प्रत्येक बाइट दोन तुकड्यांत जातो, आधी वरचे चार बिट, मग खालचे चार. प्रत्येक तुकडा ठेवल्यावर एनेबल वर करून खाली आणायचा. खाली येताना एलसीडी तो तुकडा उचलतो. कोणता तुकडा पहिला आणि कोणता दुसरा, हे ओळखायची एलसीडीकडे काहीही खूण नसते. तो फक्त मोजतो: पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. तुम्ही ईएसपी३२ चं रीसेट बटण दाबता तेव्हा एलसीडीची वीज जात नाही, आणि नेमका पहिला तुकडा गेल्यावर रीसेट झालं तर तो दुसऱ्याची वाट बघत बसतो. म्हणून डेटाशीटने ठरवून दिलंय की वीज आल्यावर थांबा (५ व्होल्टवर १५ मिलिसेकंदांहून जास्त, मी ५० देतो), मग ३ पाठवा, ४.१ मिलिसेकंदांहून जास्त थांबा, पुन्हा ३, १०० मायक्रोसेकंदांहून जास्त थांबा, पुन्हा ३, आणि त्यानंतर २. एलसीडी आठ बिटांत असो, चार बिटांत असो की अर्ध्या बाइटवर अडकलेला असो, तीन वेळा ३ मिळाल्यावर तो खात्रीने आठ बिटांच्या अवस्थेत येतो, आणि मग २ त्याला चारवर नेतो. त्यानंतर हेक्स २८ ने दोन ओळी, ०सी ने पडदा चालू, ०१ ने पुसणे, ०६ ने कर्सर उजवीकडे. पुसायला दीड मिलिसेकंद लागतात, बाकीच्या आज्ञांना सुमारे ३७ मायक्रोसेकंद. १०० किलोहर्ट्झच्या बसवर एक बाइट जायलाच ९० मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे छोट्या आज्ञांची चिंता नाही, पुसण्याची आहे.

एक अक्षर म्हणजे बसवर बरेच बाइट होतात. नेहमीच्या लायब्ररीत एका अक्षराला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो, पूर्ण पडद्याला तीस-चाळीस मिलिसेकंद. म्हणून लूपमध्ये दर फेरीला पडदा पुसून पुन्हा लिहू नका. तो लुकलुकतो आणि पाण्याची पातळी वाचायचं काम मागे पडतं. आकडा बदलला तरच त्या जागी जाऊन लिहा, आणि जुना आकडा लांब असेल तर मागे एक-दोन मोकळ्या जागा लिहा. पीसीएफ८५७४ ची मर्यादा १०० किलोहर्ट्झच आहे. ४०० वर चालवून दाखवणारे आहेत, तुम्ही चालवू नका.

आता पंप सुरू होताना होणारा कचरा. ही बस फिलिप्सने १९८२ मध्ये काढली ती टीव्हीसारख्या उपकरणाच्या पेटीत, जवळजवळ बसलेल्या चिपांसाठी. स्टार्टरच्या पेटीत, कॉन्टॅक्टरला (पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचला) चिकटून, मीटरभर तारेवर ती चालावी अशी तिची रचनाच नाही. कॉन्टॅक्टरची कॉइल लागताना-सुटताना जो झटका बसतो तो एनेबलच्या पायावर एक जास्तीचा ठोका उमटवतो. त्या एका ठोक्याने एलसीडीची मोजणी एकाने चुकते: पहिला तुकडा दुसरा होतो आणि दुसरा पहिला. तिथून पुढचं प्रत्येक अक्षर उलटसुलट, आणि ते आपोआप कधीच सुधारत नाही. कोडला पत्ता नसतो, कारण पीसीएफ८५७४ इमानेइतबारे पोच देत असते. म्हणूनच उनोचं रीसेट दाबलं की तुमची अक्षरं नीट व्हायची. रीसेटने ते तीन वेळा ३ पुन्हा जात होते.

याचा बंदोबस्त दोन्हीकडून करा. उगमापाशी: कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर झटका शोषणारा स्नबर, म्हणजे साधारण १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची जोडी. ती विद्युत मंडळाच्या लाइनसाठीचीच घ्या. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर स्नबरही त्याच व्होल्टेजचा. हे काम मेन स्विच पाडून, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. तुमच्या बोर्डावरच्या डीसी रिलेवर उलटा डायोड आहे का ते बघा. तयार मॉड्यूलवर असतो. मार्गावर: एलसीडीची केबल वीतभर ठेवा आणि कॉन्टॅक्टरच्या तारांपासून दूर न्या. चपट्या केबलीत एसडीए आणि एससीएल शेजारी न ठेवता मध्ये ग्राउंड घाला. एलसीडीच्या सप्लायवर जवळच १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. आणि शेवटी कोडमध्ये: पंप चालू किंवा बंद केल्यावर अर्धा सेकंद थांबून एलसीडीचा सुरुवातीचा क्रम पूर्ण परत चालवा आणि पडदा पुन्हा लिहा. शिवाय काही मिनिटांनी एकदा असंच. याला जुगाड समजू नका. ज्या उपकरणाकडून उत्तर येत नाही, त्याची अवस्था आपणच अधूनमधून ठरवून द्यावी लागते. फक्त क्रम उलटा करू नका. आधी स्नबर, मग कोड. कचरा कोडने झाकला आणि झटका तसाच राहिला तर उद्या तो ईएसपी३२ लाच रीसेट करेल आणि पंप मध्येच बंद पडेल.

राहिला मराठीचा प्रश्न, आणि हा तुम्ही विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. शेतावर पेटी उघडणारा माणूस ‘टँक फुल’ वाचू शकतो म्हणून त्याला तेच द्यावं, हे मला पटत नाही.

एचडी४४७८० च्या रॉममध्ये देवनागरी नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नगांत इंग्रजीसोबत जपानी काताकाना असते. आपली अक्षरं आपणच बनवायची तर फक्त आठ जागा मिळतात, प्रत्येक ५ बाय ८ ठिपक्यांची. ‘प’ असा बसतो: वरून खाली आठ ओळींचे आकडे ०, ३१, ९, ९, ९, ७, १, १. त्याच्या शेजारी काना: ०, ३१, आणि मग सहा वेळा ४. ‘पा’ वाचता येतं. पण दोन चौकटींमध्ये काचेवरच एक फट असते, त्यामुळे शिरोरेषा दर अक्षराला तुटते. वेलांटीला वर एकच ओळ उरते, उकाराला खाली जागाच नाही. आठ जागांत ‘चालू’ आणि ‘बंद’ ओढूनताणून बसतील. ‘टाकी भरली’ वाचणाऱ्याला अडखळायला लावेल. तरी करायचंच असेल तर दोन गोष्टी सांभाळा. अक्षर बनवल्यावर कर्सर परत जागेवर न्या, नाहीतर पुढचा मजकूर अक्षरांच्या मेमरीतच लिहिला जातो. आणि एखाद्या जागेचं अक्षर बदललं की पडद्यावर आधीच दिसणारं तेच अक्षरही त्याच क्षणी बदलतं.

मी तुमच्या जागी असतो तर १२८ बाय ६४ चा ग्राफिक पडदा घेतला असता. ‘टाकी भरली’, ‘पंप चालू’, ‘पाणी नाही’ असे तुमचे संदेश मोजकेच आहेत. ते संगणकावर चांगल्या देवनागरी फाँटात लिहा, काळ्या-पांढऱ्या चित्रात बदला आणि ते चित्रच फ्लॅशमध्ये ठेवा. ६४ बाय १६ ठिपक्यांच्या शब्दाला १२८ बाइट लागतात, ईएसपी३२ ला ते काहीच नाही. फाँट लायब्ररीतून अक्षरं जुळवत बसलात तर जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी बहुतेक ठिकाणी चुकीच्या जागी पडतात. चित्रात तो प्रश्नच येत नाही. आकडे मात्र फाँटातून घ्या, ते सुटे असतात.

पडदा निवडताना, एसएसडी१३०६ चिपचा छोटा ओलेड आय-टू-सीवर चालतो, ३.३ व्होल्टवरही चालतो, म्हणजे शिफ्टर नको. त्याचा पत्ता हेक्स ३सी. काही बोर्डांवर ७८ छापलेलं असतं, ते तेच, एक बिट सरकवलेलं. १.३ इंचाचा घेतलात तर आत बरेचदा एसएच११०६ ही दुसरी चिप असते, मग लायब्ररीत तीच निवडा, नाहीतर चित्र दोन ठिपके सरकतं. पण ओलेड उन्हात फिका पडतो. पेटी उघड्यावर, विहिरीच्या काठावर असेल तर एसटी७९२० चा मोठा एलसीडी घ्या, पिवळ्या-हिरव्या पाठीचा. निळ्या पाठीवर पांढरी अक्षरं दुकानात छान दिसतात, पण दुपारच्या उन्हात ती दिसत नाहीत, उलट पिवळा-हिरवा बॅकलाइट बंद असतानाही वाचता येतो. एसटी७९२० आय-टू-सीवर चालत नाही, त्याची सीरियल जोडणी वेगळी आहे आणि त्याला तीन तारा लागतात. सप्लाय ५ व्होल्टचा दिलात तर आत्ता जो लेव्हल शिफ्टर आणणार आहात तो चार वाहिन्यांचाच आणा, तिथेही उपयोगी पडेल.